ढोलकीवर ठेवलेला हात

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, आईजवळ नाही. तुम्ही कोण ते मला माहीत नाही, पण आमच्या मंडळातले नक्कीच नसाल — आमच्या मंडळात पुस्तक उघडून वाचणारा कोण आहे, मी सोडून?

बघा. पहिल्याच दमात लिहून गेलो. ‘मी सोडून.’ खोडणार होतो, मग म्हटलं राहू दे. ही जी खाज आहे ना, सगळ्यांत मी वेगळा असल्याची, तिचाच हा सगळा प्रकार आहे.

दर वर्षी तुळशीची लग्नं लागली की माझं डोकं फिरायला लागतं. त्या दिवसांत नव्या मुंबईत एक मैदान मोकळं सापडत नाही. इकडे कोकण महोत्सव, तिकडे आगरी-कोळी महोत्सव, पलीकडे खाद्यजत्रा. कोंबडी-वड्यांचा वास, लाउडस्पीकर, कमानी, आणि प्रत्येक कमानीवर हात जोडून हसणारे लोक. गेली काही वर्षं त्यातल्या एका कमानीवर मीही हसत असतो. गोल चौकटीत फोटो, खाली ‘मार्गदर्शक’. कार्तिक संपेपर्यंत स्टेशनला जाता-येता मला माझ्याच तोंडाखालून जावं लागतं. बायको म्हणते, फोटो छान आलाय हो. मला तो ओरबाडून काढावासा वाटतो. का — तेच सांगायचंय. पण ते थेट जिभेवर येत नाही. जरा मागून यावं लागेल.

आमच्या वाडीतला पहिला बीए मी. हे मी सांगतो आणि सांगणारच, खोटी नम्रता मला जमत नाही. बाप तुर्भ्याच्या कारखान्यात हेल्पर, आई चार घरची भांडी घासायची, दिघ्याला डोंगराच्या कुशीत पत्र्याची खोली. दिवसा कुरिअर वाटले आणि संध्याकाळी कॉलेज केलं. आज सानपाड्यात स्वतःचा फ्लॅट आहे, सोसायटीचा सेक्रेटरी आहे, ऑफिसात लोक सर म्हणतात. हे कुणी मला ताटात वाढलेलं नाही. मी कमावलंय.

पण मंडळात मी सर नव्हतो. मंडळात मी ‘बीए’. “ए बीए, सतरंजीचं टोक धर.” “बीए, जा चहा सांग.” ज्या पदवीसाठी डोळे फोडले, ती त्यांनी माझं टोपणनाव करून टाकली — बुटक्याला उंट म्हणतात तसं. सगळे हसायचे, मीही हसायचो. पण आतून जळायचो.

मंडळ म्हणजे आमचं जाखडीचं मंडळ. बाहेरचे लोक बाल्या नाच म्हणतात. संगमेश्वराकडची आमची अर्धी वाडी दिघा-तुर्भे पट्ट्यात पोटासाठी आली, येताना ढोलकी घेऊन आली. मधे वादक आणि शाहीर बसतात, भोवती पायात चाळ बांधलेले नाचणारे गोल धरतात. पण खरी गंमत असते ती बारीत. बारी म्हणजे सामना. दोन मंडळं समोरासमोर, एक शक्तीवालं, एक तुरेवालं. आधी गण, मग गवळण, आणि मग सवाल. एका शाहिराने पुराणातला सवाल गाण्यातून टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच जवाब द्यायचा. जवाब आला नाही तर मान खाली. ती मान नुसती त्या रात्रीपुरती खाली जात नाही. गावच्या होळीत, लग्नाच्या मांडवात, कंपनीच्या कँटीनमध्ये — वर्षभर ऐकून घ्यावं लागतं.

आमचे शाहीर सदाभाऊ. मार्केटात माथाडीचं काम करायचे, पाठीवर गोणी, गळ्यात आवाज असा की माईक बंद पडला तरी शेवटच्या माणसाला ऐकू जावा. एक हात कानावर ठेवून त्यांनी तान घेतली की अंगावर काटा यायचा. हे मी आजही नाकारणार नाही. पण शाळा चौथीपर्यंत. पुराणं त्यांनी कीर्तनात ऐकलेली, वाचलेली नाहीत. आणि समोरचे शाहीर हुशार झाले होते — ऐकीव सवालाचा जवाब त्यांच्याकडे तयार असायचा. मग सवाल शोधायला माणूस कोण? मी. ग्रंथालयात बसून जाडजूड पोथ्या उलटायच्या, कुणाला ठाऊक नाही असं काहीतरी हुडकायचं, ते चालीत बसवायचं, आणि भाऊंच्या स्वाधीन करायचं. सवालाची तालीम असली की खोलीचं दार बंद. चहावाल्यालाही आत सोडत नसत. सवाल फुटला तर बारी तिथेच मेली, हे शेंबडं पोरही जाणत होतं.

आणि गाण्याच्या शेवटच्या ओळीत नाव यायचं. शाहिराचं. तशी रीतच आहे, ज्याचा आवाज त्याचं नाव. शब्द माझे, आणि शेवटी ‘सदाभाऊ म्हणे’. शिट्ट्या त्यांना, हार त्यांना. मला काय? “बीए, पाण्याची बाटली दे इकडे.”

तुम्ही म्हणाल, एवढ्यावरून? हो, एवढ्यावरूनच. लहान गोष्टीवरून माणूस किती खाली जातो, हे मोठ्या गोष्टीवरून कधी कळत नाही.

त्या वर्षी मी एक सवाल काढला. अभिमन्यू चक्रव्यूहात शिरला, सोळा वर्षांचं पोर, सगळ्या जगाला ठाऊक. पण त्याचा रथ कोण हाकत होता? अर्जुनाच्या सारथ्याचं नाव कुणीही सांगेल, कर्णाच्याही सांगेल. ह्याच्या? तो म्हणत होता की पोरा, आत जाऊ नकोस, तरी त्याला रथ आत घालावा लागला — त्याचं नाव कुणी पुसत नाही. मला तो सवाल इतका आवडला की मी रात्रभर झोपलो नाही. चाल बसवली, शब्द घासून घासून लख्ख केले:

*सारथ्यावाचून रथ चालेना, सांग तयाचे नाव,
सदाभाऊचा सवाल ऐकून सोडून पळशील गाव!*

कोजागिरीला दिघ्याच्या खोलीत दूध आटवायला ठेवलं होतं, दार लावून तालीम झाली. भाऊंनी सवाल म्हटला आणि सगळे उठून नाचले. तेव्हा मी धीर केला. म्हटलं, भाऊ, या खेपेला शेवटी माझं नाव घाला ना. निदान माईकवर एकदा सांगा, की शब्द अनंताचे.

भाऊ हसले. वाईट मनाचे नव्हते ते, पण माणसं जमली की त्यांच्या अंगात यायचं. म्हणाले, “पाय तुजा उचलत नाय, गला तुज्याकडं नाय, आनि नाव पायजे? अरे बाला, ढोल ज्यानं बनवला त्याचं नाव कोन घेतं काय?” खोली खदखदून हसली. कुणीतरी मागून म्हणालं, “बीएची पदवी चालीत बसवा, भाऊ!” पुन्हा हशा.

एकजण हसला नाही. रवी. माझ्याच वयाचा, तुर्भ्याला गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा, आमच्या गोलात पहिल्या जागेवर नाचायचा. ज्याच्या पावलावर बाकीच्यांचं पाऊल पडतं, तो. तो म्हणाला, “घाला की भाऊ एक ओळ त्याची. तुमचं काय जातंय? रातभर जागतो तो.” भाऊंनी हात झटकला आणि विषय दुधाच्या पातेल्यात बुडाला.

हे लक्षात ठेवा. माझ्या बाजूने बोलणारा त्या खोलीत एकच माणूस होता.

पुढचं सांगतो. दिवाळी झाली. बारी समोरच्या तुरेवाल्या मंडळाशी होती, त्यांचे शाहीर म्हणजे आप्पा. आप्पा ऐरोलीला राहायचे. एका रविवारी सकाळी मी आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, आणि त्यांच्या घरी गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं. कुणी फूस लावली नव्हती. सहज तोंडातून निसटलं असंही नाही — निसटलं असतं तर मी इतकी वर्षं स्वतःला थोडंफार तरी माफ केलं असतं. मी रिक्षा करून गेलो. दिवाळीच्या पाया पडायला आलोय म्हणालो, चकली खाल्ली, आणि सवाल सांगितला.

आप्पांनी चकलीची बशी बाजूला सारली. मग म्हणाले, “पोरा, मी हे मागितलं नाय हां. तू दिलंस.” मी म्हटलं, हो, मीच दिलं. आणि त्याच्यापुढचं ऐका. जवाबही मीच लिहून दिला. कारण आप्पांचे शब्द ढिसाळ असत, आणि माझा सवाल ढिसाळ जवाबाने मरावा हे मला सोसलं नसतं. आहे की नाही कमाल? गद्दारीतसुद्धा मला व्याकरण शुद्ध हवं होतं.

बारी तुर्भ्याच्या मैदानावर झाली. तुळशीची लग्नं नुकतीच उरकलेली, हवेत गारवा, वाडीतली बाया-माणसं सतरंज्या घेऊन पुढे बसलेली. भाऊंनी कानावर हात ठेवून सवाल टाकला. सगळं मैदान थरारलं. असा सवाल आला की समोरचे शाहीर वेळ काढतात, आपल्या माणसांशी डोकी जोडतात, मधे एखादं दुसरंच गाणं लावतात. जवाब यायला वेळ लागतो, आणि त्या वेळेतच खरी मजा असते. आप्पांनी वेळ काढलाच नाही. आमची ढोलकी थांबण्याआधी ते उभे राहिले:

*सुमित्र हाके रथ तयाचा, घे रे जवाब पदरात,
आप्पा पुसतो, उसनी बुद्धी आणतोस का मैदानात?*

‘उसनी बुद्धी’ — तो टोमणाही माझाच होता. भाऊंना कुठे लागेल हे मला नाही तर कुणाला माहीत असणार?

मैदान फुटलं. शिट्ट्या, टोप्या हवेत. पुढे बसलेल्या पोरांनी “उसनी बुद्धी, उसनी बुद्धी” असा ताल धरला. भाऊंनी पुढची ओळ घ्यायला कानावर हात नेला. तोंड उघडलं. आवाज आलाच नाही. हात तसाच कानावर राहिला — डास मारायला उचलावा आणि विसरून जावा तसा. आणि मी? खोटं कशाला बोलू. मला गुदगुल्या झाल्या. त्या मैदानात दोन्ही बाजूंनी माझेच शब्द गाजत होते. मग लक्षात आलं की दोन्हीकडे नाव दुसऱ्याचंच आहे. स्वतःच्या माणसाचं नाक कापूनही माझ्या हाती काही लागलं नव्हतं. तेवढा हिशेब मात्र बीएला आधी सुचला नाही.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, हाच तो कबुलीजबाब. नाही. हे तर मी एखाद्या दिवशी दारूच्या ग्लासापुढे कुणाला सांगूनही टाकलं असतं. याच्या पुढचं आहे ते सांगता येत नाही.

जवाब आयता आणलेला होता हे आंधळ्यालाही दिसत होतं. म्हणजे सवाल फुटला होता. फोडला कुणी? पुढच्या रविवारी दिघ्याच्या खोलीत सगळे जमले. रवीची बायको आप्पांच्या वाडीतली, तिचा भाऊ आप्पांच्या गोलात नाचणारा, आणि भाऊबीजेला रवी बायकोला घेऊन तिकडे जेवून आलेला. एवढं पुरे झालं. कुणी तोंडाने म्हणत नव्हतं, पण रवीच्या शेजारी बसायला कुणी तयार नव्हतं.

भाऊंनी ढोलकी मधोमध ठेवली. हळद-कुंकू लावलं, समोर नारळ ठेवला. ती ढोलकी माझ्या बापाची. ते असेतोवर त्यांनीच वाजवली, जाताना मंडळाला देऊन गेले. भाऊ म्हणाले, ज्यानं फोडला नाय त्यानं हात ठेवायचा आणि बोलायचं. एकेक उठला, हात ठेवला, बोलला. रवीची पाळी आली. तो जागेवरून हललाच नाही.

“हात ठेव, रवी.”

“नाय ठेवनार. इतकी वर्षं तुमच्या पायाशी चाळ बांधतोय, भाऊ. तेवढ्यात मी कळलो नसेन, तर ह्या कातड्याला हात लावून काय कळनार?”

“हात ठेव म्हन्तो ना!”

“नाय.”

मागून आवाज आलाच. “कसा ठेवील? जावई कुनाचा!” कुणी म्हणालं, ढोलकी फुटेल त्याच्या हाताखाली. रवी सगळ्यांकडे बघत होता. राग होता त्याच्या तोंडावर, भीती नव्हती. निर्दोष माणूस असाच दिसतो — हे मला तेव्हाही समजत होतं. मला तर समजायलाच हवं ना?

मग भाऊ माझ्याकडे वळले. “बीए, तुला काय वाटतं रे? तू शिकलेला हायस.”

एवढ्या वर्षांत मंडळाने पहिल्यांदा माझं मत विचारलं. सगळ्यांच्या माना माझ्याकडे. आणि मी घसा साफ केला आणि म्हणालो, “ज्याचं मन साफ आहे, त्याला हात ठेवायला काय हरकत असावी?”

असं म्हणालो. स्वच्छ, शुद्ध मराठीत. मग उठलो, पुढे झालो, आणि बापाच्या ढोलकीवर तळहात ठेवला. शाईचं ते काळं वर्तुळ गार लागलं. म्हणालो, मी सवाल फोडला नाही. शपथा-बिपथा ही अडाण्यांची कामं, असं मी कॉलेजात शिकलो होतो ना — ते शिक्षण असं कामाला आलं. ज्याचा शपथेवर विश्वास होता, त्याने ती खोट्या संशयापायी घ्यायला नकार दिला. ज्याचा नव्हता, त्याने बिनदिक्कत घेतली. ढोलकी काही फुटली नाही.

रवीने कोपऱ्यातले आपले चाळ उचलले. दारात चपला घालताना माझ्याकडे एकदा बघितलं. मी नारळाकडे बघत होतो.

आता सांगा, यात कुठे अडाणीपणा आहे? कुठे गरिबी आहे, कुठे परिस्थिती आहे? आमच्यासारख्यांच्या हातून काही वाईट झालं की लोक लगेच परिस्थिती काढतात. मला त्याचाही राग येतो. माझ्या चांगल्याचं श्रेय मी परिस्थितीला देत नाही, मग वाईटाचं का द्यावं? मी केलं. चांगला पोटभर जेवलेला, नोकरीला लागलेला, बीए झालेला मी.

भाऊंनी त्यानंतर बारी घेतली नाही. म्हणाले, माझ्या पंगतीत जेवून माझंच पान उष्टं केलं, आता गला फुटत नाय. नोकरी होती तोवर इथे राहिले, मग गावी गेले. मंडळ उघडं पडलं. मग लोक कुणाकडे येणार? मीच आयता होतो. नवा तरुण शाहीर आणला, शब्द माझे, आणि तो बिचारा माईकवर सुरुवातीलाच सांगतो, की गीतं आपले अध्यक्ष अनंत सरांची. जे हवं होतं ते सगळं मिळालं. सर झालो, अध्यक्ष झालो, कमानीवर चढलो.

आणि रवी? तो दिघ्यालाच राहिला. सत्यनारायणाला त्याला बोलावणं जायचं, नाही असं नाही, पण तीर्थ देणाऱ्याचा हात त्याच्यापाशी जरा घाईत असायचा. होळीला गावी पालखी नाचवायला तो पुढे झाला की कुणीतरी खांदा सरकवायचा. पोरं त्याला फितूर म्हणत, तोंडावर नाही, ऐकू जाईल एवढ्या अंतरावरून. एकदा तुर्भ्याच्या भाजी बाजारात तो मला भेटला. हातात मेथीच्या जुड्या. म्हणाला, “बीए, सगळ्यांचं सोड. तू तरी मानतोस ना, मी नाय फोडला?” त्याला वाटत होतं, शिकलेला माणूस पुराव्याशिवाय मानत नाही. मी म्हणालो, जाऊ दे रे, जुनं झालं. त्याचा चेहरा पडला. आणि मी कोथिंबिरीचा भाव करत राहिलो.

बारा-तेरा वर्षं अशी गेली. मग या वर्षी त्याच्या मुलीचं जमलं. मुलगी नर्सिंग झालेली, मुलगा आमच्याच वाडीतला, चांगली नोकरी, दोघांची पसंती. मुलाकडचे म्हणाले, आमचं काही म्हणणं नाही, पण मंडळाशी तेवढं मिटवून घ्या, उद्या मांडवात कुणी बोलायला नको. मंडळाची मीटिंग झाली. माझ्याच घरी. आताची पोरं काही वाईट नाहीत, त्यांना त्या बारीचं धड माहीतही नाही. एकजण म्हणाला, “सर, स्टेजवर माफी मागू दे, आपण शाल देऊ, विषय क्लोज. कशाला टेन्शन?” सगळ्यांना पटलं. माझ्याकडे बघितलं. बायको चहाचे कप घेऊन आत आली होती. तेव्हा बोलता आलं असतं. त्या खोलीत मला विरोध करणारं कुणी नव्हतं, हाकलून देणारं कुणी नव्हतं. घर माझं, खुर्ची माझी. मी म्हणालो, चालेल.

दोन दिवसांनी रवीचा फोन आला. म्हणाला, “सर,” — आता तोही सर म्हणतो — “माफी मागतो मी. पोरीसाठी मागतो. पन काय बोलायचं ते सांगा, मला शब्द सुचत नाय. जे केलंच नाय त्याला शब्द कुठून आनू?” आणि मी त्याला शब्द दिले. फोनवर, सावकाश, दोनदा म्हणून दाखवले. छान वाक्य झालं होतं. ‘माझ्या हातून चूक घडली, मंडळाने ती पोटात घालावी.’

सानपाड्याचं मैदान. बारी हल्ली संध्याकाळीच सुरू होते, दहाला स्पीकर बंद करावा लागतो म्हणून. दिवे लागत होते. रवी कडक इस्त्रीच्या शर्टात स्टेजवर आला. केस पांढरे झालेत त्याचे. त्याची बायको खाली बायकांत बसली होती, तिने मान वर केली नाही. मुलगी मात्र सरळ स्टेजकडे बघत होती, बापाकडे. रवीने माईक धरला आणि माझं वाक्य म्हटलं, एकही शब्द न चुकता. टाळ्या पडल्या. सूत्रसंचालक म्हणाला, मोठ्या मनाच्या मंडळाचे मोठ्या मनाचे अध्यक्ष आता शाल-श्रीफळ देतील.

मी शाल घातली. नारळ दिला. तो पाया पडायला वाकला तेव्हा मी त्याला वरच्या वर धरलं — नको तिथे सभ्य वागायला मला बरोबर जमतं. फोटो निघाले. कानाशी तो हळूच म्हणाला, “भाऊंना फोन कर. त्यांना कळू दे. त्यांच्या मनातलं जाऊ दे.” या वेळी सर म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गावी फोन लावला. भाऊंना आता दिसत नाही, सुनेने फोन त्यांच्या कानाला लावला. मी सांगितलं, भाऊ, रवीने काल स्टेजवर माफी मागितली. मंडळाने त्याला शाल दिली.

पलीकडून भाऊंचा आवाज आला, तो जुना आवाज नाही, वाळलेला.

“माफी मागितली?”

“हो भाऊ.”

“मी तर इतकी वर्सं म्हनत व्हतो, रवी नाय. घरात ह्यांना विचार. पोर ताठ, म्हनून हात नाय ठेवला, म्हन्लं. मरायच्या आदी त्याला एकदा बोलवायचं, जवल बसवायचं, असं मनात व्हतं माज्या.” ते थांबले. धाप लागली होती. “म्हंजे त्यानंच केलं व्हतं काय रे?”

खिडकीतून मला खाली मैदानावर मांडव सोडणारी माणसं दिसत होती. फोनपाशी मी एकटा होतो. मला कुणी धरून ठेवलं नव्हतं.

मी म्हणालो, “हो भाऊ. त्यानंच.”